किंमत आणि कपाट

साखळीच्या बाजारात दिवस कलला की भाजीचा भाव उतरतो आणि उरलेला माल खपून जातो. सर्वच व्यापार असा चालतो, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हांस तो अपुरा वाटतो. भाजी घरी नेली की व्यवहार संपतो; खेळाचे यंत्र घरी नेले की व्यवहारास आरंभ होतो.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये थ्रीडीएस हे हातात धरून खेळण्याचे यंत्र २५,००० येनला विक्रीस आणले. किंमत मोठी, खेळ थोडे, गिऱ्हाईक फिरकेना. सहा महिन्यांच्या आतच किंमत १५,००० येनवर आली. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. पूर्ण किंमत मोजलेल्यांना कंपनीने २० जुने खेळ विनामूल्य दिले. वर्षअखेर मारिओचे दोन नवे खेळ आले, यंत्र सावरले आणि पुढे साडेसात कोटींहून अधिक खपले.

त्याच कंपनीच्या २०१२ सालच्या वी यू यंत्राची किंमतही पुढील वर्षी अमेरिकेत ५० डॉलरांनी उतरली. परंतु बाहेरच्या बहुतेक खेळनिर्मात्यांनी त्याकडे पाठ फिरवली, आणि विक्री सुमारे १ कोटी ३५ लाखांवर थांबली.

वर्गणी उतरली की वाचक वाचनालयाच्या दारापर्यंत येतो. कपाटात पुस्तके असली तरच तो पुन्हा येतो. यास्तव अडचणीतील कंपनीने किंमत जरूर उतरवावी, पण त्याबरोबर खेळांची तजवीज करावी आणि प्रथम विश्वास टाकणाऱ्यांस विसरू नये. आमच्यासारख्यांच्या घरी असे यंत्र आईवडिलांच्या काटकसरीतून येते. ते धूळ खात पडणे कोणासच परवडणारे नाही.