त्याग सैनिकाचा, काटकसर शासनाची?

राष्ट्ररक्षण हे शासनाचे पहिले कर्तव्य. अर्थसंकल्पाच्या दिवशी या वाक्याला सर्व बाकांवरून टाळ्या पडतात. ३१ मार्च उजाडला की त्याचा विसर पडतो. शस्त्रखरेदीसाठी मंजूर झालेला, पण करार वेळेत न झाल्याने पडून राहिलेला पैसा त्या दिवशी रद्द होतो. शत्रू मात्र आपले आर्थिक वर्ष पाहून सिद्धता करीत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही खोड जुनी आहे. १९६२ मध्ये आपले जवान सुती गणवेशात, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन हिमालयात लढले. पराभवानंतर जाग आली. यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला पाचारण झाले. १९६३ मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक! बोफोर्स तोफांचा करार १९८६ चा. त्यानंतर परदेशी तोफांचा मोठा करार व्हायला २०१६ उजाडले. हवाई दलासाठी १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली, २०१२ मध्ये राफेलची निवडही झाली; करार झाला तो २०१६ मध्ये, अवघ्या ३६ विमानांचा. लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट असल्याचे २०१८ मध्ये खुद्द उपप्रमुखांनी संसदीय समितीपुढे सांगितले. याला केवळ एका पक्षाचे पाप म्हणून मोकळे होता येणार नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यात शस्त्रसामग्रीसह सर्व भांडवली खर्चाला १ लाख ८० हजार कोटी, तर निवृत्तिवेतनाला १ लाख ६० हजार कोटींहून अधिक. निवृत्तिवेतन ही खैरात नव्हे, ते राष्ट्राचे ऋण आहे. पण शस्त्रे आणि निवृत्तिवेतन यांचे पारडे जवळजवळ समान व्हावे, ही स्थितीही निकोप नाही.

या पार्श्वभूमीवर जून २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर कायम केले जाणार चारांपैकी एकाला. उरलेल्या तिघांना सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही. सैन्य तरुण व्हावे, हा शासनाने सांगितलेला हेतू योग्यच आहे. पण निवृत्तिवेतनाचा भार पुढे हलका होणार, हेही उघड आहे. मग प्रश्न विचारलाच पाहिजे : अग्निवीराच्या त्यागातून वाचणारा हा पैसा जाणार कोठे? तो शस्त्रांत उतरला, तर त्या त्यागाला अर्थ आहे. सरकारी हिशेबात विरघळला, तर शासनाने एका तरुणाच्या आयुष्यावर केवळ काटकसर साधली असे होईल.

उपाय नवा नाही. वर्षाअखेर रद्द न होणारा २५ हजार कोटींचा संरक्षण आधुनिकीकरण निधी जसवंतसिंहांनी २००४ च्या हंगामी अर्थसंकल्पात घोषित केला होता. सरकार बदलले आणि तो कागदावरच राहिला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी तशाच निधीची शिफारस केली. ती तत्त्वतः मान्य झाली; पण तत्त्वाने तोफ धडाडत नाही!

अशा निधीने संसदेचे नियंत्रण सैल होईल, असा आक्षेप घेतला जातो. मग रस्त्यांसाठी २००० च्या कायद्याने असा निधी कसा उभा राहिला? ईशान्येच्या विकासासाठी १९९८ मध्ये तशीच व्यवस्था कशी झाली? वार्षिक हिशेब संसदेपुढे ठेवता येतो, महालेखापरीक्षकांची तपासणी असतेच. रस्त्याला जे चालते, ते सीमेला का चालू नये?

२०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. निमलष्करी दलांतील राखीव जागांची घोषणा २०२२ मध्येच झाली आहे. त्या खरोखर किती जणांना मिळतात, यावर समाजाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. तरुणाला राष्ट्रसेवेची हाक देण्याचा अधिकार शासनाला आहेच. पण तो बजावायचा तर तरुणाच्या हाती उत्तम शस्त्र देणे आणि परतल्यावर त्याच्या हाताला काम देणे, ही दोन कर्तव्ये आधी पार पाडावी लागतील. सरकार आपल्या विचारांचे असो वा नसो, हा जाब आपापल्या खासदाराला विचारणे हीदेखील राष्ट्रसेवाच आहे.