मुख्यमंत्री महोदय, भिवंडीतल्या तेलंगणाचंही ऐका

मा. ए. रेवंत रेड्डी,
मुख्यमंत्री, तेलंगणा यांस,


हे पत्र भिवंडीच्या पद्मानगरमधून लिहितो आहे. आम्ही पद्मशाली विणकर, घरात तेलुगू, शिक्षण मराठी शाळेत. करीमनगर, सिरसिल्ला, वरंगळ, नलगोंडा या भागांतून इथल्या यंत्रमागांवर आलेल्यांच्या कितीतरी पिढ्या याच गावात खपल्या.

२ जून २०१४ला वेगळं राज्य झालं, तेव्हा इथे दुमत नव्हतं. त्या मागणीसाठी १९६९मध्ये मंत्रिपद सोडणारे कोंडा लक्ष्मण बापूजी आमच्याच समाजाचे. राज्य झालं त्याच वर्षी, २०१४च्या १९ ऑगस्टला राज्यभर एका दिवसात घरोघरी पाहणी होणार हे कळताच मुंबई, भिवंडी, सुरतेहून माणसं मिळेल त्या गाडीनं गावी धावली. यादीत नाव नसलं तर गावचे म्हणून कोण ओळखणार, ही धास्ती होती.

वाद सुरू झाले ते नंतर. वरवर ते पक्षांचे वाटतात, पण मुळात ते जमिनीचे आहेत. २०१८मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री केसीआर यांची रयतु बंधू योजना आली आणि पट्टा नावावर असलेल्याला हंगामाला एकरी चार हजार मिळू लागले, मग तो भिवंडीत माग का चालवत असेना. त्याच्या शेजारच्या मागावरचा, त्याच्याच गावचा भूमिहीन विणकर मात्र कोरडाच राहिला. वीज गेली की खडखडाट थांबतो आणि दोघांची जुंपते. एक म्हणतो, केसीआरनं शेतकऱ्याला उभं केलं. दुसरा विचारतो, मग मला काय दिलं? मला दुसऱ्याचं म्हणणं पटतं.

डिसेंबर २०२३मध्ये तुम्ही सत्तेवर आलात, तेव्हा त्या भूमिहीन विणकरालाच सर्वांत जास्त आशा होती. पण सिरसिल्ल्यात २०१७पासून चाललेलं बतुकम्मा सणाच्या सरकारी साड्यांचं काम थांबलं. पुढे बचत गटांच्या साड्यांचं काम निघालं खरं, तरी मधले महिने तिथल्या विणकरांना फार जड गेले. गावी राहिलेला भाऊ तुमच्यावर संतापलेला आणि इथला भाऊ तुमची बाजू घेणारा, अशी घरं मी पाहतो आहे. चिडलेला भाऊ फोनवर सुनावतो, "तुम्ही तिकडे बसून काय सांगता?"

तुमच्या महालक्ष्मी योजनेत बायकांना एसटीसारख्या तुमच्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. सणाला दोघी बहिणी एकाच बसनं माहेरी निघतात. गावच्या बहिणीला शून्य रुपयांचं तिकीट मिळतं; भिवंडीच्या बहिणीच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता, तिला पैसे मोजावे लागतात. हा नियम मला कळतो, आम्ही महाराष्ट्राचे रहिवासी आहोत. पण मग निवडणूक आली की उमेदवारांची माणसं मतं मागायला पद्मानगरपर्यंत का येतात? मत मागायला आम्ही गावचे असू, तर गाऱ्हाणं सांगायलाही गावचेच आहोत.

मागणं मोठं नाही. २०२२चा पाच लाखांचा नेतन्ना विमा राज्यात विणणाऱ्यांसाठी होता. ज्यांची नावं तेलंगणाच्या मतदारयादीत आहेत, अशा भिवंडी-सुरतेच्या विणकरांनाही तसा विमा द्या. आणि विणकरांसाठी पुढची कुठलीही योजना आखण्याआधी एक अधिकारी इथे पाठवा. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी पाठवलात तर दोन्ही बाजूंची माणसं भेटतील.

आपला,
पद्मानगरचा एक रहिवासी