पवित्र द्वार बंद झाले, कृपेचा ओघ थांबला काय?

६ जानेवारी २०२६ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, पोप लिओ चौदावे यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र द्वार बंद केले आणि २०२५ च्या ज्युबिली वर्षाची सांगता झाली. हे द्वार २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी उघडले होते. २१ एप्रिल २०२५ रोजी ते देवाघरी गेले आणि ८ मे रोजी निवडून आलेल्या त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांच्या हातून समाप्तीचा विधी झाला. एका पोपने आरंभलेले ज्युबिली वर्ष दुसऱ्या पोपने पूर्ण करावे, असे याआधी १७०० साली घडले होते. 'आशेचे यात्रेकरू' हे ब्रीद घेऊन वर्षभरात तीन कोटींहून अधिक भाविक रोमला येऊन गेले.

आपल्यापैकी काही जण त्या यात्रेकरूंमध्ये होते. बहुसंख्य नव्हते. रोमच्या प्रवासाचा खर्च, वार्धक्य, आजारपण, घरातील लहान मुले, नोकरीतील रजा अशी कारणे ज्याच्या त्याच्या पदरी होती. अशा भाविकांच्या मनात आज एक रुखरुख आहे. पवित्र द्वार ओलांडल्याने पूर्ण दंडमुक्ती मिळत होती. ते द्वार आता मिटले. मग आमची संधी गेली काय? या प्रश्नाचा विचार करताना दंडमुक्ती म्हणजे काय, ह्याची उजळणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

फुटलेला बांध

ख्रिस्तसभेची शिकवण अशी की पापाचे दोन परिणाम होतात. देवाशी असलेले आपले नाते तुटते, आणि आपल्या स्वभावात व इतरांच्या जीवनात एक बिघाड मागे राहतो. पापनिवेदन संस्कारात पापाची क्षमा होते, तुटलेले नाते जुळते. बिघाड मात्र उरतो आणि त्याची भरपाई इहलोकी प्रायश्चित्ताने किंवा मरणानंतर शुद्धिस्थानात व्हावी लागते. ह्यालाच पापाचा ऐहिक दंड म्हणतात.

खाडीकाठच्या आपल्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. दोन भावांचे भांडण झाले आणि रागाच्या भरात एकाने दुसऱ्याच्या शेताचा बांध फोडला, असे समजा. भरतीचे खारे पाणी आत शिरले. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, त्याने भावाचे पाय धरले आणि भावाने मनापासून क्षमा केली. क्षमा पूर्ण झाली, परंतु जमीन खारीच राहिली. बांध पुन्हा घालावा लागेल, पावसाळ्यामागून पावसाळे जाऊन माती गोडी होण्याची वाट पाहावी लागेल. अशा वेळी गावाने माणुसकी दाखवली आणि घरटी एक माणूस फावडे घेऊन बांधावर आला, तर अपराध्याचे ओझे हलके होते. दंडमुक्ती म्हणजे हे गावाचे धावून येणे होय. ख्रिस्ताचे अपार पुण्य, त्याची माता मारिया व सर्व संत यांची पुण्याई हा ख्रिस्तसभेचा निधी आहे. संतांच्या समागमावर आपला विश्वास असल्यामुळे त्या निधीतून एकाच्या उणिवेला सर्वांचा हातभार लागतो. तथापि ज्याने बांध फोडला त्याने स्वतः फावडे हाती घेतलेच नाही, तर गाव तरी काय करणार?

इतिहासातील डाग

आपल्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींशी बोलताना हा विषय निघाला की सोळाव्या शतकाची आठवण होते, आणि ती टाळण्याचे कारण नाही. संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामासाठी दंडमुक्तीच्या नावाने जर्मनीत द्रव्य गोळा केले गेले. १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. दंडमुक्तीचा बाजार हा अपराध होता, असे स्पष्ट म्हणणे सत्याला धरून आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली दंडमुक्तीची शिकवण कायम ठेवून तिच्यामागच्या धनलोभावर बंदी घातली, आणि १५६७ साली पोप पायस पाचवे यांनी पैशांच्या देणगीशी जोडलेल्या दंडमुक्ती रद्द केल्या. आज दंडमुक्तीसाठी कोणी एक रुपया मागितला तरी तो ख्रिस्तसभेच्या नियमाविरुद्ध वागत आहे, असे निःशंक समजावे.

दुसरा गैरसमज आपल्या घरातीलच आहे. जुन्या प्रार्थनापुस्तकांत प्रार्थनेखाली 'तीनशे दिवस', 'सात वर्षे' अशी नोंद असे. शुद्धिस्थानातील तेवढे दिवस कमी होतात, असा अर्थ पुष्कळांनी लावला. वस्तुतः प्राचीन काळी जे जाहीर प्रायश्चित्त करावे लागे, त्याच्या इतक्या दिवसांशी तुल्य, एवढाच त्याचा आशय होता. १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी ही मोजदाद मोडीत काढली. तेव्हापासून दंडमुक्ती पूर्ण किंवा अंशतः, अशी दोनच प्रकारची मानली जाते. अंशतः दंडमुक्तीत भाविकाच्या स्वतःच्या भक्तिकृत्याने जेवढी दंडमाफी होते, तेवढीच भर ख्रिस्तसभा आपल्या निधीतून घालते. भाविकाचे प्रेम हेच येथे माप आहे.

घरात उपलब्ध असलेले

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्युबिलीच्या वर्षातही रोमची यात्रा हा एकच मार्ग नव्हता. प्रत्येक धर्मप्रांतातील महामंदिरे व बिशपांनी ठरवून दिलेली तीर्थस्थाने यांची यात्रा, तसेच आजारी, एकाकी व तुरुंगातील माणसांची भेट ह्यांनाही तीच कृपा जोडलेली होती. आठवड्यातून एक दिवस तरी पोकळ करमणुकीपासून, समाजमाध्यमांच्या नादापासूनही दूर राहावे, हा प्रायश्चित्ताचा मार्गही व्हॅटिकनच्या मे २०२४ च्या आदेशात होता. पोप फ्रान्सिस यांनी तर २६ डिसेंबर २०२४ रोजी रोममधील रेबिबिया तुरुंगात एक पवित्र द्वार उघडले. जे बाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडे द्वारच चालत गेले.

ज्युबिली संपल्यावरही काय उरते? चार भक्तिकृत्ये अशी आहेत की त्यांच्याद्वारे वर्षाच्या कोणत्याही दिवशी पूर्ण दंडमुक्ती मिळू शकते. पवित्र संस्कारासमोर किमान अर्धा तास आराधना. किमान अर्धा तास बायबलचे भक्तिभावाने वाचन. क्रुसाच्या वाटेची भक्ती. आणि चर्चमध्ये, कुटुंबात वा भक्तमंडळात केलेली रोझरीची प्रार्थना. 'कुटुंबात' हा शब्द आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर आजीने नातवंडांना गोळा करून म्हटलेली माळ ही ख्रिस्तसभेच्या लेखी त्या महाद्वाराच्या तोडीची आहे.

ह्याखेरीज अंशतः दंडमुक्तीचे चार साधे मार्ग आहेत. दैनंदिन कर्तव्ये व अडचणी सोसताना मन देवाकडे वळवून एखादी छोटी प्रार्थना म्हणणे, गरजूंची सेवा करणे, आवडत्या गोष्टीचा स्वेच्छेने त्याग करणे आणि चारचौघांत आपल्या श्रद्धेची साक्ष देणे. लोकलच्या गर्दीत, भाताच्या लावणीत, रुग्णाच्या उशाशी ह्यांपैकी काहीही अशक्य नाही.

कठीण अट

पूर्ण दंडमुक्तीसाठी कृपावस्थेत असणे व ती मिळवण्याचा हेतू असणे आवश्यक आहे. त्याशिवाय पापनिवेदन, कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना ह्या तीन गोष्टी कराव्या लागतात. त्या प्रार्थनेसाठी एकदा प्रभूची प्रार्थना व एकदा नमो मारिया म्हटले तरी पुरे. एक पापनिवेदन सुमारे वीस दिवस आधी वा नंतर केले तरी अनेक दंडमुक्तींना चालते. कम्युनियन व पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना मात्र प्रत्येक वेळी हवी. सामान्यतः दिवसातून एकदाच पूर्ण दंडमुक्ती मिळते. ती स्वतःसाठी किंवा मृतांसाठी अर्पण करता येते, दुसऱ्या जिवंत व्यक्तीसाठी नाही.

उरते ती अट सर्वांत कठीण आहे: लहानातल्या लहान पापाचीही आसक्ती मनात नसावी. ही अपुरी पडली तर दंडमुक्ती अंशतः ठरते. रोमला जाऊन आलेला माणूसही जमिनीच्या वादात सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरून असेल आणि तो अबोला त्याला प्रिय असेल, तर द्वार ओलांडूनही तो उंबरठ्याबाहेरच राहिला. उलट रोझरीच्या शेवटी उठून शेजारच्या घराची कडी वाजवणाऱ्याने बांधावर फावडे टाकले आहे. आपल्या धर्मग्रामांत सणांची, मिरवणुकींची, नोव्हेनांची कमतरता नाही. कमतरता कुठे आहे, ती ही अट दाखवून देते.

आपले मृत आणि २०२० चे ते दिवस

दंडमुक्तीचा विषय आपल्याला सर्वाधिक भिडतो तो आपल्या मृतांच्या संदर्भात. दरवर्षी १ ते ८ नोव्हेंबर ह्या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी मनातल्या मनात जरी प्रार्थना केली, तरी त्यांच्यासाठी पूर्ण दंडमुक्ती मिळू शकते. २०२० साली कोविडच्या साथीमुळे दफनभूमीत गर्दी होऊ नये म्हणून ही सवलत नोव्हेंबरचा संपूर्ण महिना लागू करण्यात आली, आणि २०२१ सालीही तसेच झाले.

त्या साथीत अनेक कुटुंबांनी आपली माणसे रुग्णालयाच्या दारातून आत जाताना पाहिली ती शेवटचीच. धर्मगुरूंना जवळ जाता आले नाही, अभ्यंग संस्कार झाला नाही, हातात हात घेता आला नाही. इतकी वर्षे लोटली तरी 'आई संस्काराविना गेली' हा सल कित्येकांच्या उरात आहे. त्यांच्यासाठी हा लेख आम्ही विशेषत्वाने लिहीत आहोत.

मार्च २०२० मध्ये व्हॅटिकनने कोविडचे रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे आणि आरोग्यसेवक ह्यांना पूर्ण दंडमुक्ती देणारा आदेश काढला. त्याच आदेशात मरणासन्नांविषयीचा एक नियम पुन्हा सांगितलेला आहे. तो साथीसाठी नव्याने केलेला नव्हता, आधीपासून ख्रिस्तसभेच्या दंडमुक्तीविषयक ग्रंथात आहे. मरणसमयी धर्मगुरू उपलब्ध नसतील, तर योग्य मनःस्थिती असलेल्या भाविकाला ख्रिस्तसभा पूर्ण दंडमुक्ती देते. एरवीच्या अटींची उणीव ती स्वतः भरून काढते. त्यासाठी तिची अपेक्षा एवढीच की त्या व्यक्तीने आपल्या हयातीत काही प्रार्थना नित्यनेमाने म्हटलेल्या असाव्यात.

हे वाक्य शांतपणे वाचावे. आईने उभ्या आयुष्यात म्हटलेली माळ, पहाटे चूल पेटवण्यापूर्वी केलेली क्रुसाची खूण, निजण्यापूर्वीची नमो मारिया ही त्या एकाकी खाटेवरची तिची शिदोरी होती. कोणी जवळ नव्हते तेव्हा संपूर्ण ख्रिस्तसभा तिच्या बांधावर उभी होती.

म्हणून दंडमुक्ती हुकल्याची खंत बाळगणाऱ्यांना आमचे सांगणे असे: ज्या घरात संध्याकाळची रोझरी बंद पडली आहे, तेथे ती पुन्हा सुरू व्हावी. टीव्ही आणि मोबाइल अर्धा तास बाजूला ठेवले तर बायबल उघडण्यास वेळ मिळेल. पुढील पापनिवेदनापूर्वी एका तरी दुरावलेल्या माणसाशी बोलणे व्हावे. आणि येत्या नोव्हेंबरात दफनभूमीत फुले व मेणबत्त्या घेऊन जाताना पापनिवेदन व कम्युनियनची तयारीही सोबत असावी, जेणेकरून आपल्या मृतांना आपण खऱ्या अर्थाने काही देऊ शकू.

१३०० साली पहिले ज्युबिली वर्ष साजरे झाले तेव्हापासून ही वर्षे येत आणि जात राहिली आहेत. येशूने वधस्तंभावर दिलेल्या तारणाला २०३३ मध्ये २००० वर्षे होतील, आणि त्या सोहळ्याकडे पोप फ्रान्सिस यांनी ज्युबिलीच्या घोषणापत्रातच आपले लक्ष वेधले होते. तोवर रोमचे द्वार मिटलेले राहो. आपल्या घरातील वेदीपुढचा दिवा मात्र मालवू नये, हीच प्रभूचरणी प्रार्थना.