काळी-पांढरीच्या मधला सूर

परीक्षा संपल्या की आपल्या घरांतून एक विषय हमखास निघतो. मुलाला कीबोर्ड घेऊन द्यायचा का? गाण्या-वाजवण्याबद्दल आपल्यात दोन मतं आहेत आणि ती आजची नाहीत. त्याचा निवाडा करायला आम्ही इथे बसलेलो नाही. आमचं म्हणणं एवढंच की, या कलेशी आपला काही संबंध नाही, असं मुलांच्या मनात राहू देऊ नका. रत्नागिरीहून कोल्हापूरमार्गे घाट चढून गेलेला रस्ता मिरजेला पोहोचतो. तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. म्हणून त्यांचं घराणं ‘किराणा’. बडोद्याच्या दरबारात गाऊन ते पुढे मिरजेत स्थिरावले. प्लेगने आजारी असताना दर्ग्यात गाऊन त्यांना उतार पडला, असं मिरजेत आजही सांगतात.

आता कीबोर्डचा आणि त्यांचा संबंध काय, ते बघू. पेटी असो, पियानो असो की कीबोर्ड, एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या. आपल्या गाण्याला मात्र दोन पट्ट्यांच्या मधली जागाही लागते. तोडीतला कोमल गंधार आणि भीमपलासीतला कोमल गंधार पेटीवर एकच. गळ्यात मात्र तोडीतला जरा खाली उतरतो. या बारीक जागांना श्रुती म्हणतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर या श्रुती मोजायला बसले, तेव्हा त्यांनी खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला. देवलांचं त्यावरचं पुस्तक १९१० साली आलं. त्यांच्यासोबत क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश होते. त्यांनी तर बावीस श्रुतींची खास पेटी लंडनमध्ये बनवून घेतली. ती घरोघरी पोहोचली नाही, पण एक गोष्ट कळली. यंत्राने गळ्याकडून शिकायचं असतं.

असाच पेच तुर्कस्तानातही आहे. तिथल्या जुन्या संगीतातही पट्टीवर न सापडणारे सूर आहेत. तिथले आजचे नामवंत पियानोवादक आणि रचनाकार फाझिल साय यांचा जन्म १९७० साली अंकारात झाला. शिक्षण पाश्चात्त्य पद्धतीचं, कार्यक्रम जगभर. त्यांची ‘काळी माती’ नावाची १९९७ ची एक रचना आहे. लहानपणी देवीच्या आजारात दृष्टी गेलेले लोककवी आशिक वेसल साझ हे तंतुवाद्य वाजवून गात. त्यांच्या गाण्यावरून ही रचना सुचली. ती वाजवताना साय एक हात पियानोच्या पोटात घालून तारा दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या वाजवतात. मग तो पियानो साझसारखा बोलू लागतो. वाद्य बाहेरचं, पण बोली आपल्या गावची.

खाँसाहेबांचं दुसरं मोठं काम शिकवण्याचं. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. त्यांचे शागिर्द रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल. मराठी घरांत रेडिओवर पहाटे ऐकू येणारा भीमसेनजींचा आवाज मागे मागे शोधत गेलं, की वाट मिरजेच्या या कबरीपाशी येते. हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

त्यांच्या घरची गोष्टही सांगायला हवी, कारण हे मासिक घरांचं आहे. १९२२ च्या सुमारास त्यांच्या पत्नी ताराबाई माने पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी माने हे नाव घेतलं. दुसऱ्यांच्या मुलांना घडवणाऱ्या बापाच्या वाट्याला स्वतःच्या मुलांचं घडणं फारसं आलं नाही. तरी मुलगी हिराबाई बडोदेकर यांनी त्याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे तालीम घेतली आणि नाव काढलं. सुरेशबाबू आणि सरस्वती राणे हेही गाण्यातच राहिले. नावाजलेल्या माणसांच्या घरातही अशी दुःखं असतात. मुलांना थोरांच्या गोष्टी सांगताना ती लपवू नयेत, असं आम्हाला वाटतं.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना प्रवासात अस्वस्थ वाटू लागलं. ते वाटेतल्या एका छोट्या स्टेशनवर उतरले आणि तिथेच त्यांचा इंतकाल झाला. मय्यत मिरजेला आणण्यात आली. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात.

तेव्हा कीबोर्ड घ्यायचा तर जरूर घ्या. मात्र त्याआधी एकदा मुलांना मिरजेला न्या. तिथे शिकलगार मंडळी भोपळ्यापासून सतार-तंबोरे घडवतात. २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. घरी आल्यावर मोबाइलवर खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ ही भैरवी लावा. तबकडी तीनच मिनिटांची आहे. मग मुलाला म्हणा, यातला प्रत्येक सूर तुझ्या कीबोर्डवर शोध. काही सूर सापडतील, काही सापडणार नाहीत. जे सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी त्याला एखाद्या चांगल्या गुरूकडे पाठवा.