धाक आणि शिस्त

व्यायामाचा नवा वर्ग सुरू होतो, तेव्हा उभे राहायला जागा नसते. महिन्याभराने तेथेच अर्ध्या सतरंज्या रिकाम्या दिसतात. गळालेल्यांना विचारावे, तर कोणाला वेळ मिळत नसतो, कोणाचा गुडघा दुखत असतो. ही कारणे अगदीच खोटी नसतात. परंतु पुष्कळदा त्यांच्याआड शिक्षकाच्या तोंडचे एखादे वाक्य दडलेले असते. पन्नाशीत प्रथमच व्यायामाकडे वळलेल्या माणसाला श्रमांपेक्षा हसे होण्याची भीती अधिक वाटते. “एवढेही जमत नाही?” असे चारचौघांत विचारले गेले, की दुसऱ्या दिवशी त्याला हमखास काही काम निघते.

अशी सबब सांगण्याची वेळ केवळ दुबळ्यांवर येते असे नाही. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार (१९१८-२०१४) यांनी आपल्या विद्यार्थिदशेतील एक आठवण सांगितली आहे. त्यांचे गुरू टी. कृष्णम्माचार्य हे नात्याने मेहुणे, पण स्वभावाने अत्यंत करडे. लोकांसमोर हनुमानासन करून दाखवण्याची त्यांनी आज्ञा केली. दोन्ही पाय पुढे-मागे जमिनीवर सरळ पसरण्याचे हे आसन. ते जमत नाही, असे म्हणण्याची शिष्याची प्राज्ञा नव्हती. म्हणून चड्डी फार घट्ट आहे, असे त्याने सांगितले. गुरूंनी कात्री मागवून ती चड्डी कापली. आसन झाले, मांडीमागचा स्नायूही फाटला आणि पुढे बराच काळ चालणे कठीण झाले.

व्यायाम शिकवणे आणि गणित शिकवणे यांत हाच फरक आहे. वहीतली चूक शिक्षकाला दिसते. सांध्यातली कळ ज्याची त्यालाच ठाऊक असते. विद्यार्थ्याने तोंड उघडले नाही, तर जाणत्या शिक्षकालाही ती समजण्याचा मार्ग उरत नाही.

म्हणून गोड बोलले की झाले, असे मात्र नव्हे. ऊठसूट “वा, छान!” म्हणणारा शिक्षक वाकडी पाठ तशीच राहू देतो. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले. पुढे त्यांचा स्वतःचा वर्गही धाकाचाच होता. आवाज चढे, चुकलेल्या अवयवावर थापही पडे. ही थाप समर्थनीय नाही. तिचे अनुकरण करणाऱ्यांना तर मुळीच सूट देता येणार नाही. तरीही देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्याकडे येत राहिले, कारण याच शिक्षकाने दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, घोंगड्या आणि खुर्च्या यांचा आसनांत पद्धतशीर उपयोग रूढ केला. हात जमिनीपर्यंत पोहोचत नसेल, तर हाताखाली ठोकळा यावा. वृद्धाला तोल सावरत नसेल, तर खुर्ची यावी. आसन नेमके व्हावे हा आग्रह सुटला नाही, पण शरीराला आधार मिळाला.

ठोकळे आणि खुर्च्या आज पुष्कळ वर्गांत असतात. तरीही ‘एक, दोन, तीन’च्या गजरात विशीतला तरुण आणि गुडघे झिजलेल्या आजी यांना एकाच गतीने वाकवले जाते. याउलट काही शिक्षक आरंभीच विचारतात, “आज कोणाचे काय दुखते आहे?” यात दोन मिनिटे खर्ची पडतात. पहिल्या दिवशी बहुधा कोणीच बोलत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मागच्या रांगेतील एखादी बाई हळूच खुर्ची मागते.