बघतोच तुला!

बालदोस्तांनो,

मधल्या सुट्टीत भांडण कसं पेटतं, हे तुम्हांला सांगायला नकोच. एक म्हणतो, "थांब, बघतोच तुला!" दुसरा म्हणतो, "ये की!" खरं तर मारामारी दोघांनाही नको असते, पण भोवती पोरं जमलेली असतात. माघार कोण घेणार?

देशांचंही असंच होतं. १९६२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेला कळलं, की शेजारच्या क्यूबा बेटावर सोव्हिएत संघ अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं उभारतोय. अध्यक्ष केनेडींनी बेटाभोवती युद्धनौका उभ्या केल्या. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हही हटेनात. २७ तारखेला क्यूबावर एक अमेरिकी विमान पाडलं गेलं, वैमानिक ठार झाला. आता अणुयुद्ध होणार, या भीतीने जग हादरलं.

लढाई दोघांनाही नको होती. पण एकमेकांना निरोप पोचायलाच तासन् तास लागत! शेवटी २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं परत नेण्याचा निर्णय थेट मॉस्को रेडिओवरून जाहीर केला. केनेडींनी क्यूबावर हल्ला न करण्याचं वचन दिलं. तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढायचंही त्यांनी गुपचूप कबूल केलं. म्हणजे माघार दोघांनीही घेतली!

जून १९६३ मध्ये दोन्ही देशांनी 'हॉटलाइन'चा करार केला. तो फोन नव्हता बरं का, टेलिप्रिंटर होता. बोलण्यात शब्द निसटतो. लिहिताना माणूस विचार करतो.

तेव्हा दोस्तांनो, कितीही भांडलात तरी बोलणं तोडू नका. आणि समोरच्याला परतायला एक वाट ठेवा.

तुमचा,
काका