आंतरवासी, पण वास कुठे?

एप्रिल उजाडला की नागपुरात दोन प्रकारची तयारी सुरू होते. एक म्हणजे कुलरला नवा वाळा बसतो. दुसरी गेल्या काही वर्षांत रूढ झालेली : अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या, व्यवस्थापनाचे किंवा विधीचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या बॅगा मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद अशा गावांसाठी भरल्या जाऊ लागतात. प्रवास आठ-दहा आठवड्यांचा असतो. मुलगा कायमचा जात नाही, म्हणून निरोपाचा प्रसंग नाही; सहलीला जात नाही, म्हणून निश्चिंतीही नाही. घरातले वातावरण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लटकत राहते.

या प्रकाराला सर्वत्र ‘इंटर्नशिप’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘आंतरवासिता’ हा शब्द आहे. वैद्यकीय शिक्षणात तो दीर्घकाळ वापरात आहे, बाहेर मात्र तो फारसा कोणी उच्चारत नाही. शब्द जड खरा, पण त्याच्या पोटात ‘वास’ आहे, राहणे आहे. आपल्या परंपरेत शिष्याला ‘अंतेवासी’ म्हणत, म्हणजे गुरूच्या सन्निध राहणारा. जो शिकवील तोच निवाराही देईल आणि दोन वेळच्या अन्नाची चिंताही वाहील, हे त्यात गृहीत होते. रुग्णालयातील आंतरवासी डॉक्टरला आजही बहुधा वसतिगृहात खोली मिळते. कंपनीतील, बँकेतील वा वकिलाच्या कार्यालयातील उमेदवाराला मात्र काम मिळते, ओळखपत्र मिळते, क्वचित थोडे मानधन मिळते. राहण्याचे ज्याने त्याने पाहायचे. शब्दातला वास उडून गेला आहे आणि सगळी अडचण नेमकी तिथेच आहे.

आणि हा काही हौसेचा मामला राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कार्यानुभवाला अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तो पुरा केल्यावाचून गत्यंतर नाही. महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांनाही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ लागू झाले आहे. १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली आणि २००२ मध्ये राष्ट्रीय संस्था झालेली नागपूरची ‘व्हीएनआयटी’, २०१५ ची भारतीय व्यवस्थापन संस्था, २०१६ चे राष्ट्रीय विधी विद्यापीठ, यांनी नागपूरला शिक्षणाचे मोठे केंद्र केले हे निर्विवाद. परंतु कंपन्यांची मुख्यालये, वित्तसंस्था, मोठ्या विधी-संस्था मुंबईत आहेत. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आल्या म्हणून हे चित्र थोडे बदलले असेल, उलटलेले नाही. शिकायचे नागपुरात आणि शिकलेले तपासून पाहायचे आठशेहून अधिक किलोमीटरवर, अशी ही व्यवस्था आहे.

नागपूरकराला हे नवे नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूरचे राजधानीपण गेले आणि सचिवालयातील कितीतरी कर्मचारी कुटुंबे मुंबईला हलली. ज्या गावात कार्यालय सायकलच्या अंतरावर होते तिथून ही माणसे उठली आणि लोकलच्या वेळापत्रकाला बांधली गेली. मात्र त्या पिढीला निदान सरकारी नोकरीचा आधार होता. आजच्या वीस वर्षांच्या मुलाला तो नाही, आणि त्याला सावरून घ्यायला फक्त दोन महिने आहेत. कायम राहायला गेलेला माणूस पहिला महिना चुकांत घालवू शकतो. दोन महिन्यांसाठी गेलेल्याचा पहिला महिना चुकांत गेला तर अर्धी आंतरवासिताच गेली!

म्हणूनच तयारी घरून निघण्यापूर्वी व्हायला हवी. पण बहुतेक घरांतून होते ती तयारी कोणती? लाडू, चिवडा, शेवया, लोणच्याची बरणी. आईच्या मायेचा अनादर करण्याचे कारण नाही, पण मुंबईच्या दमट हवेत चिवडा चौथ्या दिवशी मऊ पडतो. हवेचेच उदाहरण घेऊ. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या उन्हात वाढलेल्या मुलाला मुंबईचे चौतीस अंश म्हणजे गंमत वाटते. तिथे पोचल्यावर त्याला कळते की घाम वाळतच नाही. विदर्भात घरोघरी असलेला कुलर मुंबईत निरुपयोगी ठरतो, कारण तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो आणि आधीच बाष्पाने भरलेल्या हवेत पाणी उडत नाही. उलट खोली अधिकच चिकट होते. सुती कपडे, ते रोज धुण्याची सवय आणि भरपूर पाणी पिण्याचे भान, एवढे पुरते. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथे पाऊस येतो आणि आंतरवासितेचा उत्तरार्ध नेमका त्यात सापडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस वारंवार येत नाही, पण रुळांवर पाणी साचून लोकल थांबणे दरवर्षीचे आहे. अशा दिवशी कार्यालयातच थांबावे की निघावे, जवळ कोणाचा पत्ता आहे, भ्रमणध्वनी बंद पडला तर कोणता क्रमांक पाठ आहे, हे प्रश्न घरी बसून आधी विचारले गेले पाहिजेत. आजच्या मुलांना आईवडिलांचा क्रमांकही पाठ नसतो!

अंतराचीही गोष्ट तशीच. नागपूर हे वीस मिनिटांचे गाव आहे. सीताबर्डीहून निघालेला माणूस कुठेही जायचे तर वीस मिनिटे धरतो, आणि २०१९ पासून मेट्रोही दिमतीला आहे. त्या हिशेबाने मुलगा नकाशात पाहून खोली ठरवतो. मुंबईत पंधरा किलोमीटर महत्त्वाचे नसतात. कोणत्या मार्गावरचे पंधरा, हे महत्त्वाचे. कार्यालय अंधेरीला आणि खोली मुलुंडला, म्हणजे दोन वेगळ्या रेल्वेमार्गांवर, तर रोज सकाळ-संध्याकाळ गाडी बदलावी लागते. त्यापेक्षा त्याच मार्गावर दूर राहिलेले परवडते. पुण्यात उपनगरी रेल्वेचा तसा आधार नाही, म्हणून तिथे हिंजवडीला काम असेल तर स्वस्त म्हणून हडपसरला खोली घेणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय.

खोलीचा प्रश्न मात्र केवळ अक्कलहुशारीने सुटणारा नाही. शहरातले भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. दोन महिन्यांच्या भाडेकरूसाठी एवढे करायला कोण बसले आहे? मग उरते ती ‘पेइंग गेस्ट’ व्यवस्था : एका खोलीत चार पलंग, तोंडी बोलणी आणि परत मिळेल न मिळेल अशी अनामत. महाजालावर छायाचित्रे पाहून, खोली न बघता आगाऊ रक्कम पाठवणारी मुले फसतात. समोरचा मनुष्य स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवतो आणि बदलीचे कारण सांगून घाई करतो, हा प्रकार आता इतका जुना झाला आहे की त्यात कोणी फसू नये, तरी फसतात. ज्या कंपनीचे पत्र नोंदणी शुल्क मागते तिच्या दारात तर जाऊच नये.

इथे जुन्या महाराष्ट्राकडे पाहिले पाहिजे. गिरण्यांत काम करायला कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे मुंबईत एकटी नव्हती. गावकीची खोली असे. एका गावचे वीस-तीसजण मिळून ती भाड्याने घेत. पाळ्या वेगळ्या असल्याने झोपण्याच्या वेळाही वेगळ्या, आणि ट्रंक ठेवायची जागा प्रत्येकाची ठरलेली. जेवण खानावळवाल्या बाईंकडे. याच कष्टकरी स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गोमंतकीयांनी धोबीतलावच्या परिसरात ‘कूड’ उभारले. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात अवहेलनेचे घोटही गिळावे लागत, म्हणून त्या पद्धतीचे फार गोडवे गाऊ नयेत. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली, तेव्हा खेड्यातून आलेल्या मुलाला दयेवर न राहता स्वकष्टाने आणि सन्मानाने शिकता यावे हीच दृष्टी होती. या सर्व व्यवस्थांमागे एक साधे सूत्र होते : आधी गेलेल्याने मागून येणाऱ्यासाठी जागा धरून ठेवायची.

मध्यमवर्गाने हे सूत्र सोडून दिले. पूर्वी डोंबिवलीच्या दोन खोल्यांतही नागपूरचा भाचा दोन महिने मावत असे. आता तीन खोल्यांत तो मावत नाही. जागेपेक्षा मनाचा संकोच अधिक, असे म्हणून नातेवाइकांना झोडपणे सोपे आहे, पण नवरा-बायको दोघे कामावर, मुलांच्या परीक्षा, अशा घरावर दोन महिन्यांचा पाहुणा लादणेही न्याय्य नाही. तेव्हा व्यवस्था सामाजिकच हवी.

ती नसल्याचा परिणाम काय होतो? मानधन नसलेली वा नाममात्र असलेली आंतरवासिता तोच मुलगा स्वीकारू शकतो ज्याचे मुंबईत घर आहे, किंवा ज्याचे वडील दोन महिन्यांचा खर्च सहज सोसू शकतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत १२ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दरमहा ५,००० रुपये ठरवले गेले. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत त्याच वर्षी पदवीधराला १०,००० रुपये. हेतू स्तुत्यच. परंतु मुंबईत पाच हजारांत राहणे-जेवणे होत नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. गुणवत्तेने निवडला गेलेला यवतमाळच्या शिक्षकाचा मुलगा खोलीअभावी नकार कळवतो आणि त्याची जागा कमी गुणांच्या मुंबईकराला मिळते, तेव्हा नोंद कुठेच होत नाही. पुढे नोकरी देताना मात्र विचारले जाते : तुम्ही आंतरवासिता कुठे केली?

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. खोली खात्रीची नाही म्हणून मुलीला पाठवले जात नाही आणि त्याला काळजी असे नाव दिले जाते. काळजी खरी असेल तर ती माहितीत उतरली पाहिजे. केंद्राच्या ‘सखी निवास’ योजनेतील नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत प्रशिक्षणार्थी मुलींनाही काही जागा मिळू शकतात, हे किती पालकांना ठाऊक आहे? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि उमेदवारही येतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. मुलीला हे सांगून पाठवावे. मुलालाही सांगावे, आणि त्याला जाण्यापूर्वी वरण-भाताचा कुकर लावणे, स्वतःचे कपडे धुणे व महिन्याचा हिशेब लिहिणे शिकवावे. मुलीला हे येतेच असे गृहीत धरणारी आणि मुलाला येत नाही याचे कौतुक करणारी घरे नागपुरात आजही कमी नाहीत. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या खाण्याने आजारी पडून परतणाऱ्यांत मुलेच अधिक का असतात, याचे उत्तर त्या कौतुकात आहे.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. मुंबई-पुण्यातील महाविद्यालयांची वसतिगृहे उन्हाळ्यात बऱ्याच प्रमाणात रिकामी असतात. त्याच दिवसांत विदर्भातली मुले तिथे पलंग शोधत हिंडतात. दोन महाविद्यालयांत लेखी करार करून, शिफारसपत्रावर आणि रास्त शुल्कावर या खोल्या देता येतील. दुरुस्तीची कामे सुट्टीतच निघतात, जबाबदारी कोणाची, असे आक्षेप येतील. एक मजला दुरुस्तीला आणि एक राहायला, असा तोडगा कोणत्याही अनुभवी अधीक्षकाला सुचू शकेल. दुसरी गोष्ट. पुण्या-ठाण्यात मूळची नागपूरची अशी कितीतरी वृद्ध जोडपी आहेत, ज्यांची मुले परदेशी आहेत आणि खोल्या बंद आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळांनी अशा घरांची यादी केली, दोन्ही बाजूंची ओळख पटवून दिली आणि व्यवहार स्पष्ट ठेवला, तर आजोबांना सोबत होईल आणि मुलाला छप्पर. फुकट मात्र नको. पैसे देणारा मुलगा ताठ मानेने राहतो आणि घेणाऱ्यालाही दोन गोष्टी सांगता येतात.

आता थोडे स्वतःकडेही पाहावे लागेल. मुंबईत खोली मिळत नाही म्हणून हळहळणारे नागपूर स्वतः गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या मुलामुलींसाठी मुंबईच आहे. मिहानमध्ये, एम्समध्ये, इथल्या कारखान्यांत तीही प्रशिक्षणाला येतात. प्रतापनगर, नंदनवन, हनुमाननगर भागात त्यांना खोली दाखवताना पहिला प्रश्न आडनावाचा असतो, दुसरा जेवणात काय खाता याचा, आणि भाड्याचा आकडा त्यानंतर ठरतो. कुलरच्या विजेचे वेगळे पैसे मे महिन्यात लावले जातात ते निराळेच.

निवडीची पत्रे बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हाती येतात आणि मुले एप्रिलच्या अखेरीस निघतात. मधले दोन-अडीच महिने आज भ्रमणध्वनीवर खोल्यांची छायाचित्रे पाहण्यात जातात. वसतिगृहांशी करार करायचे तर महाविद्यालयांच्या पत्रव्यवहाराला दिवाळीनंतर लगेच प्रारंभ व्हायला हवा, आणि नागपूरच्या एखाद्या प्राचार्यांनी पहिले पत्र लिहायला हवे.